आजोबांच्या आठवणीतलं साल कागदाशी जुळत नाही, मग काय ठेवायचं?

कवडसा

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी आजोबांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते आहे. वय ८८. ऐकायला थोडं कमी येतं, पण एकदा बोलायला लागले की तास कुठे जातो कळत नाही. लहानपण, शाळा, पहिली नोकरी, भावंडांची भांडणं, असं बरंच जमलं आहे. माझा चुलतभाऊ याच सुमारास घरातले जुने कागद लावायला बसला आहे. दोन्ही एकत्र करून कुटुंबापुरतं एक पुस्तक काढायचं, असं आमचं ठरलं आहे.

अडलंय एका ठिकाणी. आमच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट आहे. पणजोबांचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. आजोबांनी स्वतःचं घर केलं. पणजोबांनी ते घर पाहिलं आणि त्याच वर्षी ते समाधानाने गेले. रेकॉर्डिंगमध्येही आजोबांनी हे सांगितलं आहे, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून आला आहे.

आता भावाला पणजोबांच्या मृत्यूचा दाखला सापडला, पाठोपाठ घराचं खरेदीखतही सापडलं. दाखल्यावरची तारीख खरेदीखताच्या तब्बल तीन वर्षं आधीची आहे. म्हणजे घर झालं तेव्हा पणजोबा नव्हतेच.

भावाचं म्हणणं असं की पुस्तकात चुकीचं काही छापायचं नाही, हा भाग काढून टाकू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला नीट सांगता येत नाहीये. इथे कुणी असं काम केलं असेल तर सांगा. काय ठेवायचं? आणि हे आजोबांच्या कानावर घालायचं की नाही?

तळटीप

मी बरीच वर्षं वंशावळींचं काम करतो, त्यामुळे आधी तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो. वंशावळीत सगळ्यात जास्त घोळ घरच्या पाठ झालेल्या गोष्टींनीच होतो. गोष्ट तीनदा सांगितली गेली की तिच्यातले कच्चे दुवे गळून जातात आणि ती कागदापेक्षा खरी वाटू लागते. पुढच्या पिढीतलं कुणी तुमचं पुस्तक प्रमाण मानून त्यावर आणखी काही लिहील आणि चूक कायमची होऊन बसेल. भावाची काळजी रास्त आहे.

पण कागदाकडेही तितक्याच संशयाने बघा. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: ही माहिती कुणी दिली आणि त्याला ती कशी ठाऊक होती? मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख बहुधा भरवशाची असते, कारण ती त्याच सुमारास नोंदलेली असते. त्याच दाखल्यावरचं वय मात्र कुणा नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेलं असू शकतं. एकाच कागदावर एक ओळ पक्की आणि दुसरी कच्ची, असं सर्रास असतं. खरेदीखताचंही तसंच. व्यवहाराची नोंद कधी झाली एवढंच त्यावरून कळतं. माणसं तिथे कधीपासून राहत होती, बांधकाम कधी सुरू झालं, ताबा कधी मिळाला, हे त्यावरून कळेलच असं नाही. तुमच्याकडे दोन कागद आणि एक आठवण आहे. एवढ्यावर निकाल देऊ नका.

आणि रेकॉर्डिंगला कात्री लावू नका. पुस्तकात काय घ्यायचं ते नंतर ठरवता येईल.

जुनीवही

मौखिक इतिहासाच्या, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी टिपून अभ्यासण्याच्या, क्षेत्रात माझं काम आहे. कवडसा, तुम्हाला जे सांगता येत नाहीये ते एका इटालियन अभ्यासकाने फार नेमकं मांडून ठेवलं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तेर्नी हे इटलीतलं पोलाद कारखान्याचं शहर. १७ मार्च १९४९ ला, इटलीने नाटो करारात सामील होऊ नये म्हणून तिथले कामगार काम सोडून सभेला निघाले. पोलिसांशी झटापट झाली आणि लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार मारला गेला. तारीख, कारण, जागा, सगळं नोंदलेलं आहे. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. अनेकजण हा मृत्यू १९४९ ऐवजी १९५३ मधला म्हणून सांगत होते. १९५३ मध्ये कारखान्याने मोठी कामगारकपात केली होती आणि शहरात रस्त्यावर संघर्ष पेटला होता. लोकांच्या आठवणीत त्रास्तुल्ली त्या लढ्यात पडला होता.

आता ही स्मरणशक्तीची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण एकट्यादुकट्याने नव्हे, इतक्या जणांनी एकाच दिशेने केलेली चूक म्हणजे तिच्यामागे काहीतरी असणार. पोर्तेल्ली यांनी ते शोधलं. १९४९ मध्ये आपला एक साथी डोळ्यांदेखत मारला गेला आणि आपल्याला त्यावर काही करता आलं नाही, हा सल त्या कामगारांच्या मनात राहिला होता. एका सभेला जाताना मरण यावं, हे कारणही त्यांना त्या मृत्यूच्या मानाने अपुरं वाटत होतं. आठवणीने तो मृत्यू उचलून अशा वर्षात नेऊन ठेवला, जिथे सगळं शहर लढत होतं. तारीख चुकली, पण त्या माणसांना काय सहन झालं नव्हतं हे त्या चुकीमुळेच आपल्याला कळलं. नुसत्या कागदांवरून ते कधीही कळलं नसतं.

तुमच्या आजोबांच्या बाबतीतही तेच असेल असं मी म्हणत नाही. त्यांना न भेटता तसं म्हणणं योग्य होणार नाही. पण तो भाग कापला तर विचारायला जागाच उरणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आवाज जसाच्या तसा ठेवायचा, त्यात एक शब्दही बदलायचा नाही. कागदांवरून जे कळतं ते शेजारी, वेगळ्या नोंदीत, तुमच्या नावाने आणि तारखेने लिहायचं. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू देत.

आवाजाबद्दल इतकी आग्रही का, तेही सांगते. ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं. आज या क्षेत्रात पहिलं पद्धतशीर केंद्र म्हणून त्याचं नाव घेतात. तिथे सुरुवातीच्या काळात मुलाखत टाइप करून झाली की टेप पुसून पुन्हा वापरत. टेप महाग होती, आणि खरा दस्तऐवज म्हणजे टाइप केलेला मजकूर अशी समजूत होती. त्यामुळे त्या माणसांचे शब्द आज वाचता येतात. पण ते कुठे थांबले, कशावर हसले, कोणतं नाव घेताना अडखळले, हे गेलं ते गेलंच. तुम्ही लिहिलंत की आजोबांचा आवाज भरून आला. पुस्तकातून तेच वाक्य काढलं आणि रेकॉर्डिंगही कापलं तर ते भरून येणंही गेलं.

शब्दसावली

वाचनखूण साठवली. जुनीवही, असंच लिहीत राहा.

रानवारा

मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे स्मरणाबद्दल थोडी भर.

आठवण म्हणजे साठवलेली चित्रफीत, ही समजूत जायला हवी. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की माणूस ऐकलेली गोष्ट परत सांगताना ती नव्याने रचतो. अनोळखी तपशील गळतात, ओळखीचे येऊन बसतात आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या जगाला साजेशी होते. यात खोटेपणा नसतो. स्मरण चालतंच असं.

कालक्रम हा तर स्मरणाचा सगळ्यात दुबळा भाग. माणसं सनावळी लक्षात ठेवत नाहीत, खुणा लक्षात ठेवतात. धाकटी जन्मली तेव्हा, नोकरी बदलली त्याच्या आधी, असं. म्हणून 'हे कोणत्या वर्षी झालं?' हा मुलाखतीतला सगळ्यात वाया जाणारा प्रश्न. माणूस अडतो, आपली परीक्षा चालली आहे असं त्याला वाटतं, आणि पुढचं बोलणं आक्रसतं. त्याऐवजी जागा विचारा. खोलीत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं? तुम्ही कुठे झोपायचात? पहाटे पहिला आवाज कशाचा यायचा? जागेत मनाने शिरलेला माणूस तिथली माणसं आपोआप सांगू लागतो, आणि तिथे कोण होतं, कोण नव्हतं यावरून साल तुम्हालाच काढता येतं.

आणखी एक. उतारवयात मागे वळून पाहताना साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्यांदा घडलेल्या बहुतेक गोष्टी त्याच काळातल्या असतात. तुमचे आजोबा चाळिशीनंतरचं थोडक्यात उरकत असतील तर त्यांना सांगायचं नाही असं समजू नका. तिथे प्रश्न जास्त बारीक विचारावे लागतात, इतकंच.

निळाई

मी परिचारिका आहे, अखेरच्या आजारातल्या रुग्णांबरोबर काम करते. 'आजोबांना सांगायचं का' यावर अजून कुणी फारसं बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी मॅक्स चोचिनोव यांनी अशा रुग्णांसाठी एक पद्धत विकसित केली आहे. रुग्णाला मोजके प्रश्न विचारायचे. आयुष्यात सगळ्यात जिवंत कधी वाटलं, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं, कशाचा अभिमान वाटतो, अशा धर्तीचे. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, लिहून काढायचं, नीट लावायचं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते रुग्णाला वाचून दाखवायचं. तो म्हणेल ते बदलायचं, आणि मगच अंतिम प्रत त्याच्या हातात द्यायची. २००५ मध्ये कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या १०० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९१ टक्के रुग्णांनी समाधान व्यक्त केलं होतं.

मला यातला वाचून दाखवण्याचा भाग कळीचा वाटतो. तुम्ही आजोबांच्या शब्दांखाली 'कागदपत्रांनुसार हे असं नाही' अशी नोंद लिहिणार, घरातली चार माणसं ती वाचणार, आणि ज्यांचं आयुष्य आहे त्यांनाच ती माहीत नसणार. हे मला बरोबर वाटत नाही. ८८ वर्षांचा माणूस कच्च्या मनाचा असतो असं आपण गृहीत धरतो. माझा अनुभव वेगळा आहे. ज्यांनी इतकं पाहिलं आहे ती माणसं एका दाखल्याने मोडत नाहीत.

दूरस्थ

निळाई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथे मी सहमत नाही.

माझ्या आत्याच्या आठवणी आम्ही अशाच टिपत होतो. एका नातेवाइकाने सगळ्यांदेखत तिला कागद दाखवून 'हे बघ, तू सांगतेस ते चूक आहे' म्हणून सांगितलं. ती चिडली नाही, वाद घातला नाही. फक्त त्यानंतर प्रत्येक वाक्यामागे 'मला नीट आठवत नाही हं, तूच बघ कुठे लिहिलंय का' असं म्हणायला लागली. तिचा स्वतःच्या आठवणींवरचा विश्वासच गेला. ज्या गोष्टी फक्त तिलाच माहीत होत्या, त्याही तिने सांगितल्या नाहीत. एका तारखेपायी आम्ही बाकीचं सगळं गमावलं.

कवडसा, एवढा धोका पत्करण्याइतकी ती तारीख मोलाची आहे का, याचा आधी विचार करा.

निळाई

दूरस्थ, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या आत्याला सत्य कळलं म्हणून त्या गप्प झाल्या, की चारचौघांत त्यांना खोटं पाडलं गेलं म्हणून? माझ्या मते दुसरं. 'तुमचं चुकलं' म्हणून सांगणं आणि 'मला हा कागद सापडला, याचा मेळ कसा लावायचा ते तुम्हीच सांगा' म्हणून त्यांच्याकडेच जाणं, यात फार अंतर आहे.

दूरस्थ

तसं विचारलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. मान्य.

जुनीवही

कुणी विचारलं आणि कसं विचारलं, यावर काय सांगितलं जातं हे किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते.

अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात, एकेकाळी गुलामगिरीत जगलेल्या वृद्ध माणसांच्या आठवणी सरकारी प्रकल्पातून टिपल्या गेल्या. २,३०० हून अधिक निवेदनं आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते. चार्ल्सटन शहरातल्या सुझन हॅम्लिन नावाच्या एका वृद्ध स्त्रीची मुलाखत एका गोऱ्या बाईंनी घेतली आणि वेगळ्या वेळी एका कृष्णवर्णीय लेखकानेही घेतली. पहिल्या मुलाखतीत मालक बराच दयाळू दिसतो. दुसरीत फटके आणि ताटातूट होताना रडणाऱ्या आया येतात. बाई तीच, आयुष्य तेच.

आपल्या घरांतही हेच चालतं, फक्त इतकं उघड दिसत नाही. मुलाला सांगितलेली गोष्ट सुनेला सांगितली जात नाही. नातीला जे सांगतील ते जुन्या मित्राशी बोलताना वेगळ्याच अंगाने येईल. म्हणून शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांनी मुलाखत घ्यावी. अमेरिकेतला स्टोरीकॉर्प्स हा उपक्रम २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या एका छोट्या खोलीत सुरू झाला. त्यात एकमेकांची जवळची दोन माणसं समोरासमोर बसून ४० मिनिटं बोलतात. पत्रकार विचारतो तेव्हा माणूस निवेदन देतो, आपलं माणूस विचारतं तेव्हा तो बोलतो. घरच्या मुलाखतीची खरी ताकद हीच आहे. त्यामुळे प्रश्न लिहून नेलेत तरी कागद बाजूला ठेवा.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांशी बोलले, त्याचा वृत्तान्त देते.

दाखला घेऊन गेले नाही. रानवारा यांनी सुचवल्याप्रमाणे फक्त घराबद्दल विचारलं. घर बांधताना कसं दिसायचं, तिथे कोण कोण जायचं. आजोबा म्हणाले, छप्पर नव्हतं, दारं नव्हती, भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या आणि पैसे संपले म्हणून काम थांबलं होतं. वडील रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. पुढची खोली कोणती होणार, ते बोटाने दाखवायचे. मी विचारलं, मग ते राहायला आले तेव्हा? आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'राहायला नाही आले. पण घर बघितलं होतं त्यांनी.'

तेव्हा मी दाखल्याचं सांगितलं. त्यांनी तो हातात घेऊन वाचला. खरेदीखताचंही त्यांनीच सांगितलं. जागा आधी तोंडी बोलीवर घेतली होती आणि कागद सगळे पैसे फिटल्यावर झाला. म्हणजे तळटीप म्हणाले होते तसंच. ते अजिबात दुखावले नाहीत. उलट ते थांबलेलं काम, कुणाकडून किती उसने घेतले, कुणी दिले नाहीत, हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भावाला रेकॉर्डिंग ऐकवलं. आता तोच म्हणतोय की दोन्ही छापू, आधी पाठ असलेली गोष्ट आणि मग ही.

तळटीप

हे फार चांगलं झालं. तारीख बरोबर होती, आठवणही पूर्ण चूक नव्हती, आणि अर्धवट बांधलेलं घर दोन्हींत बसतं. छापताना क्रम तोच ठेवा. पाठ असलेली गोष्ट आधी, कारण तुमच्या घराने ती इतकी वर्षं जपली आहे.

वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मृत्यूच्या नोंदीला दाखल्याचं छायाचित्र आणि या रेकॉर्डिंगचा संदर्भ, दोन्ही आधार म्हणून जोडा. आणि सगळी माहिती जेडकॉम (GEDCOM) या वंशावळीच्या फाइल-स्वरूपात अधूनमधून बाहेर काढून ठेवा. हे स्वरूप १९८४ पासून चालत आलं आहे आणि वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरना ते वाचता येतं. उद्या एखादं संकेतस्थळ बंद पडलं तरी झाड तुमच्याकडे राहील.

कंदील

कवडसा, वाचून मलाही आईचं बोलणं टिपायची इच्छा झाली आहे. अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो. मोबाइल पुरतो का? आणि नंतर ते ठेवायचं कुठे?

स्वरलेख

ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे याचं उत्तर मी देतो.

मोबाइल पुरतो. यंत्रापेक्षा खोली महत्त्वाची. पंखा बंद, खिडक्या बंद, जाड पडदे किंवा गाद्या असलेली खोली उत्तम. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमणारा आवाज नंतर काढता येत नाही. मोबाइल विमान-मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या कापडावर ठेवा. टेबलावर थेट ठेवलात तर कपाचा प्रत्येक ठोका ऐकू येईल. सुरुवातीला तुमच्या तोंडाने तारीख, दोघांची पूर्ण नावं आणि नातं सांगा. फाइलचं नाव बदललं, फोल्डर हरवलं तरी ही माहिती आवाजातच राहते.

शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही (WAV, आवाज न दाबता साठवणारं) स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवून मुद्रण करा. ध्वनिसंग्रहालयांच्या जपणुकीसाठी किमान हे प्रमाण सुचवलं जातं. एका वाहिनीवर (मोनो) तासाला साधारण ५०० एमबी जागा लागते. ती प्रत मूळ, तिला हात लावायचा नाही. ऐकायला, पाठवायला तिची एमपीथ्री करा. जुने फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा करत असाल तर ते दस्तऐवज (डॉक्युमेंट) म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखे पाठवले की आकारमान कमी होतं आणि फोटो कधी काढला ही आतली माहितीही गळते.

ठेवायचं कुठे, याला एकच नियम: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. नुसत्या इंटरनेटवरच्या साठ्यावर विसंबू नका. मायस्पेस या संकेतस्थळावरची २००३ ते २०१५ या काळातली पाच कोटींहून अधिक गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे २०१९ मध्ये उघड झालं. गूगलचं व्यक्तिगत खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते आतल्या सगळ्यासकट काढून टाकलं जाऊ शकतं. तुमच्या पश्चात खात्यातलं कुणाला मिळावं हे ठरवायची सोय गूगलमध्ये आहे, ॲपलमध्येही आहे. ती आजच भरून ठेवा.

आणि वर्षातून एकदा फाइल उघडून ऐका. बीबीसीने १९८६ मध्ये, १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीला (इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली जमीनजुमल्याची नोंद) ९०० वर्षं झाली म्हणून, दहा लाखांहून अधिक लोकांच्या सहभागातून लेझर डिस्कवर ब्रिटनमधल्या जगण्याची नोंद केली होती. २००० च्या सुमारास त्या डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि त्यातलं बाहेर काढायला तज्ज्ञांना मोठे कष्ट पडले. १०८६ ची नोंदवही मात्र अजूनही वाचता येते. म्हणून लिहून काढलेला मजकूर कागदावर छापून ठेवाच. एका तासाचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. यंत्राकडून करून घेतलंत तरी माणसांची आणि गावांची नावं हाताने तपासा, तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

निळाई

स्वरलेख यांच्या यादीत एक घालते. बोलणारा माणूस 'हे बंद कर' म्हणाला तर बंद करायचं. 'हे मी गेल्यावर ऐका' म्हणाला तर तसं लिहून, वेगळी फाइल करून ठेवायचं. आणि गोष्टीत हयात असलेल्या तिसऱ्या माणसाचं आजारपण, कर्ज किंवा मोडलेलं लग्न आलं, तर घरच्या गटात टाकण्याआधी त्या माणसाला विचारायचं. आजोबांची परवानगी त्याच्या वतीने चालत नाही.

कवडसा

हे लक्षात आलं नव्हतं. उसने पैसे न दिलेल्यांपैकी एकजण हयात आहेत. पुस्तकात नाव घालणार नाही, मूळ रेकॉर्डिंग तसंच राहील.

पायवाट

हा धागा वाचताना एक विचारायचं होतं. माझे वडील गेले. त्यांचं कधी काहीच टिपलं नाही. आता काही करता येईल का?

जुनीवही

येईल. वडिलांबरोबर शिकलेली, काम केलेली माणसं शोधा. घरच्यांना वडील माहीत असतात, सहकाऱ्यांना त्या नावाचा एक तरुण माणूस माहीत असतो. जाताना जुने फोटो घेऊन जा आणि फोटोतलं कोण कोण ते विचारत बसा. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलने हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर ओढून काढू नका. आधी पान आहे तसंच ठेवून मोबाइलने त्याचं छायाचित्र टिपून घ्या.

आणि तुमची स्वतःची आठवणही टिपा. वडिलांबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते तुमच्या मुलांच्या दृष्टीने पहिल्या हातचं आहे.

स्वरलेख

पायवाट, घरात जुन्या कॅसेट आहेत का, ते बघा. अनेक घरांत गाण्यांच्या कॅसेटच्या शेवटी, समारंभाच्या चित्रफितीत कुठेतरी, घरातल्या माणसांचा आवाज अडकलेला असतो. चुंबकीय फिती आणि त्या वाजवणारी यंत्रं, दोन्ही संपत चालली आहेत. युनेस्कोने ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ मध्ये याबद्दल जगभरच्या संग्रहांना सावध केलं होतं, म्हणून याला उशीर करू नका.

पायवाट

कॅसेटचा एक डबा आहे माळ्यावर. त्यातल्या दोन-तीनवर वडिलांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं आठवतंय. जुना टेपरेकॉर्डरही आहे, त्यात लावून बघू का?

स्वरलेख

आज नको. आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे खटके मोडा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वर काही मुद्रित होणार नाही. खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी भुकटी किंवा बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवायची नाही, वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडेच द्यायची. फीत स्वच्छ असेल तरी पडून असलेल्या यंत्राचा पट्टा सैल झालेला असतो आणि ते फीत ओढून खातं. यंत्राची दुरुस्ती होऊन आली की आधी गाण्याची एखादी कॅसेट पूर्ण वाजवून बघा. वडिलांच्या अक्षरातली त्यानंतर लावा, आणि लावाल तेव्हा पहिल्याच वेळी सोबत डिजिटल मुद्रण चालू ठेवा.